पायातला आवाज

मला आधी एक सांगा, विश्वास कोणावर ठेवाल? समजा, तुमचं गॅरेज आहे आणि दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. दोघांचीही गाडी वाटेत बंद पडली आहे. पहिला म्हणतो, "यंत्रात बिघाड झालेला आहे." दुसरा म्हणतो, "आधी नुसती घरघरत होती हो, मग चढावर खाड् खाड् करायला लागली, आणि शेवटी फुस्स!" पहिल्याचं बोलणं शुद्ध. दुसऱ्याचं ऐकून घरातली पोरं हसतील. पण पाना उचलून तुम्ही कोणाच्या मागे जाल?

आमच्या सांगलीच्या बाजारात नुसत्या डोळ्यांनी हळद घेणारा फसतो. हळकुंड कानाशी धरून मोडावं लागतं. पक्कं वाळलेलं असेल तर ते टण्ण वाजतं. आत ओल राहिली असेल तर वाजत नाही, नुसतं वाकतं. पुष्कळ वर्षांपूर्वी कुसाका नावाचे एक वयोवृद्ध जपानी गृहस्थ आमच्या अडतीवर माल पाहायला आले होते. बरोबर दुभाषा होता. तो कागद वाचून दाखवत होता, ओलावा इतके टक्के, अमुक इतके टक्के. म्हातारबुवांनी त्याला हातानं थांबवलं, पोत्यातलं एक हळकुंड उचललं, कानाशी नेऊन मोडलं आणि म्हणाले, "पोकी!"

मी म्हणालो, "टण्ण!"

ते खुदकन हसले. मग शेजारच्या पोत्यातलं एक घेतलं. ते मोडेचना. त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. "गुन्या," म्हणाले. आता खरं सांगायचं तर त्या पोत्याबद्दल मी आपण होऊन काही बोलणार नव्हतो. पण त्या एका शब्दापुढे माझी मान खाली गेली आणि मी पोतं बाजूला काढलं.

नंतर चहा घेताना त्यांनी दुभाष्याकरवी सांगितलं, की त्यांच्या भाषेत असे शब्द हजारांनी आहेत. वस्तू जशी वाजते तसा तिचा शब्द. आणि जी वाजतच नाही, तिलाही आवाजाचाच शब्द. चांदणी चमकली की 'किरा-किरा', दगड गुळगुळीत असला की 'त्सुरु-त्सुरु'. दुभाष्याला वाटलं मी चकित होईन. मी कशाला होतो? आपलीही चांदणी लुकलुकते, तवा चकचकतो, जखम चुरचुरते, आणि बाजार बंद असला की पेठेत शुकशुकाट असतो. यातलं कानाला नेमकं काय ऐकू येतं, सांगा बरं! फरक एवढाच, की आपण हे शब्द घरात सढळ हातानं वापरतो आणि कागदावर उतरवताना लाजतो.

"लाज आमच्याकडेही होती," कुसाका म्हणाले, आणि त्यांनी आपल्या आजोळच्या डोंगरात सांगितली जाणारी एक गोष्ट मला सांगितली. जशी आठवते तशी तुमच्यापुढे ठेवतो.

*

त्या डोंगरात एकदा एक वृद्ध वैद्य राहत होते. त्यांच्यापाशी एक शिष्य होता. शिष्य म्हणजे कोणी पोरगा नव्हे, चांगला सव्वीस वर्षांचा, राजधानीत सात वर्षं ग्रंथ घोकून आलेला. वनस्पतींची नावं त्याला पाठ, नाड्यांचे प्रकार पाठ, अक्षर तर असं, की गावातले लोक त्याच्याकडून दारावरच्या पाट्या लिहून नेत.

वैद्यांकडे एक रोजवही असे. तिला एकच नियम होता. रोगी आला, की त्याच्या नावाखाली त्याचा स्वतःचा शब्द लिहायचा, जसा त्यानं उच्चारला तसाच. त्यामुळे त्या वहीची पानं मोठी मजेदार दिसत. 'लाकूडतोड्याची आई, डोक्यात गान्-गान्', म्हणजे डोक्यात घण पडताहेत. 'नावाडी, पोटात गोरो-गोरो', म्हणजे पोटात गुरगुर. ग्रंथ वाचून आलेल्या माणसाला ही वही पाहून कसंसंच व्हायचं.

एकदा न राहवून शिष्य म्हणाला, "गुरुजी, उद्या राजधानीतून कोणी वैद्य आले आणि त्यांनी ही वही उघडली, तर काय म्हणतील? ही तर अंगणात खेळणाऱ्या मुलांची भाषा आहे."

"असेलही," वैद्य म्हणाले. "पण तोंड रोग्याचं आहे. आपण त्यात आपले शब्द घालू नयेत."

शिष्यानं मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे, वयाचा मान ठेवायचा म्हणून.

पुढे शरद ऋतूत घाटापलीकडच्या खोऱ्यात तापाची साथ आली आणि वैद्यांना तिकडे जावं लागलं. जाताना त्यांनी शिष्याला सांगितलं, "दवाखाना तू सांभाळ. मिठाचे हमाल रोज घाट ओलांडतात. रोजच्या पानाची नक्कल त्यांच्याबरोबर पाठव. मी वाचीन आणि औषध कळवीन. मात्र लिहिताना आपला नियम लक्षात ठेव."

"आपण निश्चिंत असावं," शिष्य म्हणाला. आणि गुरुजी वळणाआड होताच त्यानं कोरी वही काढली. गुरुजी परत येतील तेव्हा त्यांच्यापुढे एक खरीखुरी, शास्त्रशुद्ध वही ठेवायची, असा त्याचा मनोदय होता. त्यात दुष्टपणा नव्हता. आपल्या गुरूची लोकांत शोभा होऊ नये, असंच त्याला वाटत होतं.

त्याच दिवशी दुपारी तोकुबेई नावाच्या व्यापाऱ्याला दोघांनी उचलून आणलं. तोकुबेईचं वाडग्यांचं दुकान होतं. डोंगरावरच्या भट्टीतून तो स्वतः पाठीवर माल वाहून आणी. दिवसातून दोन खेपा, तीनशे पायऱ्या. भट्टीवाल्या कुंभारांशी त्याचा करार असा, की भट्टी उघडताना जो व्यापारी हजर, त्याला पहिली निवड. म्हणजे पाय चालला तर दुकान चालणार. त्या दिवशी दुकानात एक वाडगा फुटला आणि त्याच्या तुकड्यावर त्याचा उजवा पाय पडला होता.

शिष्यानं चिमट्यानं बोटभर लांबीचा तुकडा काढला, जखम धुतली, लेप लावला. हात त्याचा खरोखर कुशल होता. मग त्यानं लेखणी घेतली आणि विचारलं, "आता कसं वाटतं आहे?"

"चिकु-चिकु करतंय, धाकटे वैद्यबुवा," तोकुबेई म्हणाला. हा चिकु-चिकु म्हणजे आपलं झाडावरचं फळ नव्हे बरं का. बारीक टोक राहून राहून टोचतं ना, कापडात विसरलेल्या सुईसारखं, ते.

शिष्यानं लेखणी खाली ठेवली. "तोकुबेईसान, तुम्ही चार लोकांत ऊठबस असलेले व्यापारी. आपण वैद्यकाबद्दल बोलतो आहोत. 'वेदना आहे' असं म्हणावं."

तोकुबेई ओशाळला. बायकोकडे पाहून म्हणाला, "बघ, आपल्याला कधी कोणी शिकवलंच नाही." आणि मोठ्या आदरानं त्यानं तो शब्द म्हणून पाहिला. "वेदना आहे."

शिष्यानं सुंदर अक्षरात लिहिलं, 'तोकुबेई. पादवेदना.' नक्कल घाटापलीकडे गेली. गुरुजींनी कळवलं, लेप बदलत राहा.

दुसऱ्या दिवशी शिष्य त्याच्या घरी गेला. तोकुबेईनं तोंड उघडलं, "हिरी..." आणि लगेच जीभ चावली. हिरी-हिरी म्हणजे कातडी चुरचुरणं, पोळल्यासारखी आग होणं. पण हा शब्द सभ्य नसणार, हे आता त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "वेदना आहे."

"कालच्यासारखीच?"

"आता... वेदना ती वेदनाच ना?"

"याला आम्ही 'पूर्ववत्' म्हणतो," शिष्य म्हणाला, आणि तसं लिहिलं.

तोकुबेईला तो शब्द फार आवडला. पूर्ववत्! काय वजन आहे! तिसऱ्या दिवशी शिष्य दारात दिसला तेव्हा त्यानं विचारायचीही वाट पाहिली नाही. घामानं डबडबलेला चेहरा कसाबसा वर करून तो म्हणाला, "पूर्ववत्!"

त्याची बायको, तिचं नाव ओकाने, चुलीपाशी होती. ती तिथूनच कडाडली, "तुमचं पूर्ववत् गेलं चुलीत! अहो धाकटे वैद्यबुवा, रात्रभर यांनी मांडी आवळून धरली होती. पाय बघा, मुळ्यासारखा फुगलाय!"

"सूज अपेक्षितच असते," शिष्य म्हणाला. तरी त्यानं पायाला हात लावून पाहिला. सगळाच पाय गरम होता, सगळाच सुजलेला. आत काय चाललं आहे, हे त्याला ग्रंथातलं कुठलंच पान सांगेना. "काय होतं आहे, नीट सांगा ना," तो म्हणाला.

"सांगितलं की," तोकुबेई दात आवळून म्हणाला. "वेदना. पूर्ववत्."

शिष्यानं तेच लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

*

चौथ्या दिवशी दुपारी वृद्ध वैद्य अनपेक्षितपणे परत आले. झग्याच्या काठापर्यंत चिखल, हातात काठी. शिष्य धावत पुढे गेला. "गुरुजी, आपण तर आठ दिवसांनी येणार होता! साथ ओसरली?"

"ओसरते आहे. तुझी पानं वाचली म्हणून आलो."

शिष्याचा चेहरा क्षणभर उजळला.

"माणसाच्या पायाला जखम झाली आहे," वैद्य म्हणाले, "आणि तो पाय तीन दिवस पूर्ववत्? जखम एकतर भरत असते, नाहीतर बिघडत असते. जागेवर थांबून राहतो तो फक्त दगड. चल, मला तो पाय दाखव."

तोकुबेई अंथरुणावर पडला होता. तापानं डोळे लाल झाले होते. तरी वैद्यांना पाहून तो उठून बसायला धडपडला. वैद्यांनी पाय मांडीवर घेतला. रोज तीनशे पायऱ्या चढणाऱ्या माणसाचा तळवा तो, खेटरासारखा कठीण. आत पू साचला आहे हे उघड होतं, पण त्या जाड कातडीखाली तो नेमका कुठे साचला आहे हे बाहेरून दिसत नव्हतं. चीर चुकली असती तर शिरा कापल्या गेल्या असत्या आणि माणूस जन्माचा लंगडा झाला असता. चीर दिलीच नसती तर पुढच्या दोन दिवसांत पाय गेला असता, कदाचित माणूसही.

वैद्यांनी अंगठ्यानं एका जागी दाबलं. "इथे?"

"वेदना," तोकुबेई म्हणाला.

"इथे?"

"वेदना."

"बरं, इथे?"

"इथेही वेदना. पूर्ववत्." आणि एवढ्या तापातही त्यानं धाकट्या वैद्याकडे पाहिलं, की बघा, विसरलो नाही.

शिष्यानं मान खाली घातली. पहिल्यांदाच त्याला कळलं, की या माणसाला आपण मुका करून ठेवलं आहे.

वैद्यांनी चुलीकडे पाहिलं. शस्त्र तापत होतं, पाणी उकळत होतं. मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. पाय हलकेच उशीवर ठेवला आणि ते ओकानेला म्हणाले, "बाई, दुकानातले दहा-बारा वाडगे घेऊन या बरं. न निवडलेले आणा."

"आत्ता?" ओकानेचा आवाज चिरकला. "यांचा पाय चाललाय, आणि तुम्हाला खरेदी सुचतेय?"

"बाई, आणा तर खरं."

तिनं टोपली आणून आदळली. वैद्यांनी एक वाडगा उचलला, बोटांवर तोलला आणि नखानं टिचकी मारली. मग दुसरा. त्याला टिचकी मारली, मान हलवली आणि म्हणाले, "हा छान आहे."

अंथरुणातून आवाज आला, "छान कुठला? बद्द वाजला तो. बुडाला तडा गेलाय. बाजूला ठेवा."

"असं? मला तर बरा वाटला. आणि हा?"

"हा खणखणीत आहे."

"हा?"

"हा कच्चा. भट्टीत मागच्या रांगेला लागलेला. बोदा आवाज येतोय, ऐका ना नीट." तोकुबेई आता कोपरावर उठला होता. "वैद्यबुवा, औषधात तुमचा हात कोणी धरणार नाही, पण वाडगे तुम्ही आपले विकत घेऊ नका. कोणीही फसवील तुम्हाला!"

"मग तू सांग की. मी वाजवतो, तू सांग." आणि वैद्य वाजवत राहिले. टिचकी, उत्तर. टिचकी, उत्तर. शिष्य भिंतीला टेकून उभा होता. इतक्या वर्षांत याच घरासमोरून जाताना त्यानं कधी या माणसाला असं बोलताना ऐकलं नव्हतं. प्रत्येक वाडग्याला वेगळा शब्द, क्षणात, न अडखळता. घरात तेवढी टिचकी आणि तेवढं उत्तर, दुसरं काही नाही. सातवा वाडगा, आठवा, नववा. आणि त्याच लयीत वैद्यांचा डावा हात पायाकडे गेला. त्यांनी टाचेजवळ दाबलं. "आणि हा?"

"हिरी-हिरी!" तोकुबेई म्हणाला.

वैद्यांनी तिथे शाईचा ठिपका दिला. अंगठा दोन बोटं पुढे सरकवला. "हा?"

"हिरी-हिरी. नुसतं वरवर."

"हा?"

"झुकी-झुकी! बाप रे! झुकी-झुकी, झुकी-झुकी, कालपासून तेच चाललंय तिथे!" झुकी-झुकी म्हणजे आपण ज्याला ठणका म्हणतो तो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उठणारा, आत पू धरल्याची खूण.

वैद्यांनी तिथे वर्तुळ काढलं. वर्तुळाच्या आत, अगदी कडेला, अंगठ्याचं नुसतं टोक टेकवलं.

"चिकु!" तोकुबेई किंचाळला. "चिकु-चिकु, तेच, पहिल्या दिवसाचं!"

"सापडलं," वैद्य म्हणाले. त्या जागी त्यांनी फुली मारली आणि शस्त्र मागितलं.

चीर एकच दिली, फुलीवर, अर्ध्या बोटाएवढी. पू वाहून गेला. त्याच्याबरोबर तांदळाच्या दाण्याएवढं, वाडग्याचं एक निळं टोक बाहेर आलं. तोकुबेईनं इतका वेळ कोंडून धरलेला श्वास सोडला, आणि ओकानेनं तोंडाला बाही लावली. तिनं ते टोक पाण्यात धुतलं, प्रकाशात धरलं आणि म्हणाली, "मेलं, आपल्याच दुकानातलं!"

*

पाय बांधून झाल्यावर दोघं ओट्यावर येऊन बसले. शिष्याच्या हातात त्याची नवी वही होती. तिची पानं उलटत तो म्हणाला, "गुरुजी, तुकडा आत राहिला हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो. काय राहिलं आहे ते सांगितलं होतं, कसं टोचतं आहे ते सांगितलं होतं. आणि तू त्याला काय दिलंस?"

"एक चांगला शब्द."

वैद्य हसले. "चांगलाच आहे तो. खोटा नाही. तोकुबेईच्या दारावर तू पाटी लिहून दिली आहेस ना, 'वाडगे'? तीही खरीच आहे. पण कोणत्या वाडग्याला तडा आहे, हे पाटी कसं सांगणार?"

"पण गुरुजी, पाय तर वाजत नाही. वाडगा वाजतो, ढोल वाजतो. पायात आवाज कुठून आला?"

"हिवाळ्यात बर्फ पडून जातं, अंगणात काही हलत नाही, तेव्हा आपण काय म्हणतो?"

"शीन् म्हणतो."

"तिथे काय वाजलं?"

शिष्य ओट्यावरून समोरच्या अंगणाकडे पाहू लागला.

"काही वाजलं नाही, तरी तू ते ऐकलंस," वैद्य म्हणाले. "आणि तू शीन् म्हटलंस की मलाही ते ऐकू येतं. म्हणून हे शब्द केले माणसांनी. वाडग्याला मी बाहेरून टिचकी मारू शकतो, माणसाला मारून फार थोडं कळतं. त्याच्या आत जे वाजतं ते ऐकायला आत एकच माणूस बसलेला असतो, तो स्वतः. तो ते ऐकतो आणि तोंडानं तसंच करून आपल्याला दाखवतो. आजी असो, हमाल असो, वाडगेवाला असो, या कामात कोणी अडाणी नसतो. ग्रंथांनी शेकडो औषधं सांगितली आहेत, आणि ती आपल्याला लागतातच. पण आजचं औषध कोणतं, ते या आवाजावरून ठरतं. आपण तो पुसून त्याजागी भारदस्त शब्द लिहिला, की वही सुंदर दिसते आणि आपण बहिरे होतो."

शिष्यानं वही उघडली, ती तीन पानं एकत्र धरली आणि फाडायला हात घातला.

"अहो, अहो, हे काय करताय?" आतून तोकुबेई ओरडला. दार उघडंच होतं, तो सगळं ऐकत होता. "वहीतलं पान फाडताय? आमच्या धंद्यात पान फाडलेली वही दिसली, की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं!"

"ऐक त्याचं," वैद्य म्हणाले. "फाडलेलं पानही पूर्ववतच्याच जातीचं. काही घडलंच नाही, असं म्हणणारं. चूक राहू दे तिथे. तिच्याखाली आजची तारीख घाल, आणि तो खरोखर काय म्हणाला होता ते लिही."

शिष्य आत गेला. अंथरुणापाशी बसून, लेखणी हातात धरून त्यानं विचारलं, "तोकुबेईसान, परवा तुम्ही 'हिरी' म्हणून थांबलात. पुढे काय म्हणणार होतात?"

"लिहिणार? तसंच?"

"तसंच."

तोकुबेईनं आधी बायकोकडे पाहिलं, मग वैद्यांकडे, आणि मग दिलखुलास हसला. "मग नीट लिहून घ्या हां. परवा हिरी-हिरी. काल दिवस उजाडल्यापासून झुकी-झुकी. आणि तुम्ही माझी भाषा सुधारत होता ना, तेव्हा मनात इरा-इरा!"

इरा-इरा म्हणजे चिडचिड. शिष्यानं तेही लिहिलं, त्याच सुंदर अक्षरात.

*

दुसऱ्या सकाळी वैद्य पुन्हा घाटापलीकडे निघाले, कारण तापाचे रोगी अजून होते. शिष्यानं विचारलं, "गुरुजी, मला एकट्याला सोडून जाताय? माझ्यावर भरवसा आहे?"

"वहीवर आहे," वैद्य म्हणाले. "आता तिच्यात तुझी चूकही नोंदलेली आहे."

हमाल रोज पान घेऊन येऊ लागला. पहिल्या दिवशी होतं, 'तोकुबेई. झुकी-झुकी मंदावलं. टाचेकडे अजून हिरी-हिरी.' चौथ्या दिवशी, 'पेज मागून घेतली. हिरी-हिरी फक्त लेप बदलताना.' वैद्य प्रत्येक वेळी दोन ओळींत औषध कळवीत.

दहाव्या दिवशी वैद्य खोऱ्यातल्या एका घराच्या ओसरीवर बसले होते. मिठाची गोणी खाली ठेवून हमालानं कमरेतून पान काढून दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'तोकुबेई. उजवा पाय. मुझु-मुझु. मी विचारलं, पाय की मन? म्हणाला, दोन्ही.'

जखम भरत येते तेव्हा नवी कातडी आतून शिवशिवते, तिला तिकडे मुझु-मुझु म्हणतात. आणि घरात बसवत नाही, कामाला जायला जीव शिवशिवतो, त्यालाही तोच शब्द. पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. अक्षर वेडंवाकडं, शिष्याचं नव्हे. 'चार दिवसांनी भट्टी उघडणार. बारा पायऱ्या चढून पाहिल्या. आपल्यासाठी एक खणखणीत बाजूला ठेवतो, तुम्ही निवडू नका.'

घरच्या यजमानीणबाईंनी विचारलं, "वैद्यबुवा, काही वाईट बातमी? मागच्या वेळी पान वाचलंत आणि तसेच उठून घाट चढायला लागलात."

वैद्यांनी पान नीट घडी करून छातीशी ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "आज चहा घेईन."

*

गोष्ट संपली तेव्हा कुसाकांचा आणि माझा चहा केव्हाच निवला होता. त्यांनी खिशातून आपली सौद्याची छोटी वही काढून दाखवली. माझ्या दोन पोत्यांसमोर टक्के नव्हतेच. एकासमोर 'पोकी' होतं आणि एकासमोर 'गुन्या'. मी म्हणालो, दुसऱ्या पोत्यासमोर माझंही एक वाक्य लिहा, की हे पोतं आपण होऊन मी बाजूला काढलं नव्हतं. दुभाष्यानं दोनदा विचारलं, खरंच सांगू का. मी म्हटलं, सांगा. म्हातारबुवांनी ते लिहून घेतलं, वर पाहिलं, आणि पुढची सोळा वर्षं दुसऱ्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

तुमच्यापाशीही कुठली ना कुठली वही असेलच. दवाखान्याची असेल, शाळेची असेल, नाहीतर घरच्या माणसांचं ऐकून नुसती मनात लिहिलेली असेल. त्यांच्या नावाखाली त्यांचाच आवाज लिहा. तो ऐकू आला नाही, तर पूर्ववत् लिहून मोकळे होऊ नका, पुन्हा विचारा. चुकलात तर पान फाडू नका. हिशोब तेवढा खरा ठेवा, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.